सहावा ड्रम

तानाबाईचं वाढणं गावात नावाजलेलं होतं. शाळेत खिचडी शिजवायला लागून तिला तेरा वर्षं झाली होती, आणि या तेरा वर्षांत एकाही पोराने घरी जाऊन 'मले कमी भेटली' अशी कुरकुर केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिचा स्वतःचा एक मोठा ॲल्युमिनियमचा डाव होता. तो ती सकाळी पिशवीत घालून शाळेत न्यायची आणि दुपारी घासूनपुसून परत आणायची. सरपंचाचा नातू असो की वीटभट्टीवरच्या मजुराची पोर, पहिल्या फेरीला प्रत्येकाला एक डाव, दुसऱ्या फेरीला मागेल तेवढं. मुख्याध्यापक म्हणायचे, या बाईसमोर वजनकाटा ठेवला तर काटाच ओशाळेल.

अशा बाईच्या हाती दीपमालाने सहा ड्रम सोपवले आणि त्यातल्या एकाला उपाशी ठेवायला सांगितलं. पुढे जे झालं त्याचा सगळा दोष तानाबाईच्या माथी मारण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

दीपमाला तिची एकुलती एक लेक. अमरावतीला विद्यापीठात पाण्यावर संशोधन करत होती, आणि तिचं हे चौथं वर्ष होतं. गाव अमडापूरपासून आठ किलोमीटरवर, नाल्याच्या काठाने पसरलेलं. नाल्याच्या वरच्या अंगाला रंगरावचं कोंबड्यांचं शेड, खालच्या अंगाला गावाची विहीर. कोंबड्यांत रोग पसरू नये म्हणून रंगराव त्यांच्या पिण्याच्या पाण्यात पिवळ्या रंगाचं ॲन्टिबायोटिक मिसळायचा. कोंबडी ते सगळं थोडंच पचवते? बरंचसं विष्ठेतून बाहेर पडायचं. शेड धुतलं की ते पाणी नालीने नाल्यात जायचं आणि नाल्यातून झिरपत झिरपत विहिरीत. रंगराव काही वाईट माणूस नव्हता. शेड स्वच्छ ठेवतो म्हणून गाव त्याचं कौतुकच करायचं, आणि तो जितकं स्वच्छ धुवायचा तितकं औषध विहिरीत उतरायचं.

पाण्याला ना वास, ना रंग, ना वेगळी चव. दीपमालाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा बाप सहदेव हसला होता. "औषधच तं हाये ना बाई, जहर थोडीच हाये! फुकटात डोस भेटून राह्यला."

"बाबा, इतकुशा औषधानं जंतू मरत नाईत. त्याईले त्याची सवय लागते. मंग आपल्याले खरंच गरज पडते ना, तवा तेच औषध लागू पडत नाई."

सहदेवचा हात डाव्या पायावरच्या पाच वर्षांपूर्वीच्या जखमेच्या व्रणावर गेला. वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, लागली होती. एवढीशी जखम, पण दोन औषधं बदलली तरी ती चिघळतच गेली, आणि शेवटी बुलढाण्याला दवाखान्यात सोळा दिवस पडून तिसऱ्या औषधाने ती भरली. ते विहिरीच्या पाण्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नव्हते, दीपमालाही म्हणत नव्हती. पण तिने अभ्यासाचा विषय ठरवला तो त्या खाटेशेजारी बसून, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

तिचा उपाय होता कोळसा. चुलीतला नव्हे. शेतातला काडीकचरा बंद डब्यात हवा न लागू देता भाजायचा, रसायनात भिजवायचा, पुन्हा तापवायचा आणि धुवायचा. मग अनारशाला जाळी पडावी तशी त्या कोळशाला आतून जाळी पडते. ती इतकी बारीक, की डोळ्यांना दिसायची नाही. पाणी त्यातून गेलं की औषधाचे कण त्या भोकांत अडकून बसतात आणि पाणी तेवढं पुढे जातं. चिमूटभर कोळशातली सगळी भोकं उलगडून पसरली तर आपलं परस झाकून जाईल, असं दीपमालाने सांगितलं, तेव्हा तानाबाईने परसाकडे एकदा आणि चिमटीकडे एकदा पाहिलं.

"मंग आमच्या चुलीच्या कोयशानं का घोडं मारलं?" तिने विचारलं.

"त्याले जाळी कमी असते, आई."

ऑगस्टमध्ये परसात, कडुनिंबाखाली, सहा निळे ड्रम ओळीने विटांवर बसले. प्रत्येकाला खाली तोटी. तळाशी गिट्टी, त्यावर रेती, रेतीवर चार बोटं कोळसा, आणि कोळसा तरंगू नये म्हणून वरून पुन्हा रेती. पाच ड्रमांत पाच तऱ्हेचा कोळसा होता: पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, तुरीच्या तुराट्यांचा, सोयाबीनच्या कुटाराचा म्हणजे भुशाचा, दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडांचा आणि भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांचा. सहाव्यात मात्र गिट्टी आणि रेती, बस. रोज सकाळी प्रत्येक ड्रममध्ये विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतायच्या. दर रविवारी प्रत्येक तोटीखाली तपकिरी बाटली भरायची, तिच्यावर ड्रमचा नंबर आणि तारीख लिहायची, आणि ती रवीच्या किराणा दुकानातल्या फ्रिजात ठेवायची. रवीने त्या कप्प्यावर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावली होती, आणि तरीही त्यात काय आहे म्हणून विचारणारं गिऱ्हाईक रोज एखादं निघायचंच.

"सहाव्याले काऊन नाई कोयसा?" तानाबाईने विचारलं होतं.

"तो तसाच ठेवाचा, आई. कोरा. तुलना कराले." एवढं दीपमाला बोलली आणि तेवढ्यात चिखलीची गाडी आली. जाता जाता तिने दारामागच्या गोणीकडे बोट दाखवलं. "पऱ्हाटीचा उरलेला कोयसा त्याच्यात हाये. एखाद्यातला वाहून गेला तं लागन म्हून ठेवला. पाणी नको लागू देऊ त्याले."

तानाबाईने मान हलवली. तुलना हा शब्द तिला कळला नाही असं नाही. पण गोणी भरलेली दारामागे पडून असताना सहावा कोरा का, हे तिच्या मनाला काही केल्या पटलं नाही.

पहिले तीन रविवार तिने नेमाने काम केलं. पाणी ओतलं, बाटल्या भरल्या, तारखा घातल्या. मग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार उजाडला.

त्या दिवशी शाळेत आरोग्य तपासणी होती आणि शेजारच्या वस्तीवरची पोरंही इथेच आणली होती. ही गोष्ट मुख्याध्यापकांना माहीत होती, तालुक्याला माहीत होती, फक्त खिचडी शिजवणाऱ्या बाईला कोणी सांगितली नव्हती. बावन्न पोरांची खिचडी आणि समोर एकाहत्तर ताटं. तेरा वर्षांत पहिल्यांदा तानाबाईने डाव अर्धा भरला. तरीही शेवटच्या चार-पाच जणांना खिचडीचं पातेलं, तो मोठा गंज, खरवडून वाढायची वेळ आली, आणि अगदी शेवटी वस्तीवरची एक पोर ताट पुढे करून उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. नुसतं गंजात वाकून पाहिलं.

तानाबाईने स्वतःसाठी फडक्यात बांधून आणलेली भाकर आणि ठेचा तिच्या ताटात घातला. पोर खूश झाली, पळत गेली. तानाबाई मात्र गंज लख्ख झाला तरी तो घासतच राहिली.

तिला आठवलं ते असं. ती आठ वर्षांची असेल. माहेरच्या गावात एका मोठ्या घरचं लग्न होतं. तिच्या बापाने आठ दिवस मांडवासाठी लाकडं फोडली होती, म्हणून त्यांच्या घराला जेवणाचं बोलावणं आलं. पंगत मांडवात नाही, गोठ्याच्या मागे. सगळ्यांचं आटोपल्यावर. भात आला, वरण आलं. बुंदीचं टोपलं मात्र लांबून येताना दिसत होतं आणि तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. वाढणारा एकेकाच्या पत्रावळीवर मूठमूठ टाकत आला, आणि तिच्यापुढे येऊन त्याने टोपलं पालथं करून दाखवलं. खाली एक कळीही पडली नाही. तो हसला आणि निघून गेला. तिच्या बापाने आपल्या पानातली बुंदी तिच्या पानात सारली, पण तिने ती खाल्ली नाही. त्या दिवशी तिच्या मनात जे बसलं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही, सहदेवलाही नाही. पुढे डाव हातात आला तेव्हा तो हात आपोआपच तसा चालायला लागला.

घरी आल्यावर ती हात धुवायला परसात गेली. ओळीने सहा ड्रम बसलेले. पाचांच्या पोटात कोळसा, आणि शेवटचा कोराच.

"तुहंच वाढणं राह्यलं का रे बाबा?" ती त्याला म्हणाली.

मग तिने मनाशी हिशेब मांडला, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर हिशेब चोखच होता. कोळसा पाणी साफ करतो. पाच ड्रमांचं पाणी साफ निघणार, सहाव्याचं नाही. म्हणजे लेकीला सहापैकी पाच. गोणी घरात असताना सहापैकी सहा का नकोत? पोरगी घाईची. तिच्या ध्यानात आलं नसेल, किंवा विद्यापीठातल्या सरांच्या भीतीने कोळसा वाचवत असेल. तानाबाईने गोणी ओढली, सहाव्यातली वरची रेती घमेल्यात काढली, आणि डावाने मोजून मोजून कोळसा वाढला. चार बोटं थर झाला तेव्हा रेती परत पसरली आणि हाताने सारखी केली. डाव राखेने घासला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दीपमाला पंधरा दिवसांनी यायची, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बाटल्या न्यायची. ड्रममध्ये डोकावली तरी वर रेतीच दिसायची. विद्यापीठातल्या मशीनला नंबर लागता लागत नव्हता, त्यामुळे सगळ्या बाटल्यांची तपासणी दिवाळीनंतर एकदमच झाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दीपमाला घरी आली ती तोंड पाडून. चहा घेतला नाही. सहदेवने दोनदा विचारल्यावर तिने कागद काढला.

"पहिले तीन रविवार बराबर हाये, बाबा. सहाव्या ड्रमच्या पाण्यात औषध हाये, बाकीच्यात पुष्कळ कमी. पण चौथ्या रविवारपासून सहाव्याचंही एकदम गेलं. निरी रेती हाये त्याच्यात! रेतीनं असं जात नाई. सर म्हणून राह्यले..." इथे तिने कागदावरून नजर काढली. "सर म्हणून राह्यले, चौथ्या आठवड्यापासून तुला कंटाळा आला होता का? बाटल्या भरल्या तरी होत्या का सहाव्याच्या, का पहिल्यातल्याच पाण्यानं दोन भरल्या? अशा आकड्याईवर मी सही करणार नाई, म्हणे."

"तू काय म्हटलं?" सहदेवने विचारलं.

"मी काय म्हणू? मी इथी होती का? आईनं भरल्या असतीन, तं आईवर ढकलू?" तिने कागदाची घडी घातली. "चार वर्षं गेले. माणूस हुशार नसला तं चालते, बाबा. खोटारडा ठरला तं मंग काईच राह्यत नाई."

तानाबाई चुलीपुढे होती. तव्यावरची भाकर तिने उलटली नाही. ती करपल्याचा वास आल्यावर सहदेवने मागे पाहिलं, तेव्हा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. तिला सगळं उमगलं होतं. चौथा रविवार. गुरुवारनंतरचा रविवार. पोरीला जास्तीचा एक गुण मिळावा म्हणून तिने स्वतःच्या हाताने पोरीच्या नावाला काळिमा लावून ठेवला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिने करपलेली भाकर बाजूला काढली आणि दुसरी थापायला घेतली.

सकाळी दीपमाला ड्रमांच्या तोट्या काढायला बसली. गुंडाळूनच टाकायचं सगळं, असं तिने ठरवलं होतं. पाचव्या ड्रमपाशी आली तेव्हा तानाबाई सहाव्याशी जाऊन उभी राहिली. पदर खोचला, हात कोपरापर्यंत रेतीत घातला आणि मूठ वर काढून लेकीपुढे उघडली.

मूठभर काळा कोळसा. बोटांच्या फटींतून काळं पाणी गळत होतं.

दीपमाला त्या मुठीकडे पाहतच राहिली. मग आईच्या तोंडाकडे.

"मी टाकला," तानाबाई म्हणाली. "तुह्या गोणीतला."

"काऊन?" दीपमाला ओरडलीच. "काऊन, आई? मी सांगतलं होतं ना, तो कोरा ठेव म्हून? तो एक कोरा असन तवाच बाकीच्याईनं काय केलं ते समजते! तुले एवढं साधं... एवढं अडाणी कोणी कसं असते वं!"

शब्द गेला आणि तिचा तिलाच लागला. पण परत घेता येईना. तानाबाईने मान खाली घातली नाही. काळा हात तसाच समोर धरून तिने आधी त्या गुरुवारची गोष्ट सांगितली, गंजात वाकून पाहणाऱ्या पोरीची. आणि मग, का कोण जाणे, गोठ्यामागच्या पंगतीची. लांबून येणारं टोपलं. ते पालथं करून दाखवणारा हात.

"एकही कयी पडली नाई खाली," ती म्हणाली. "मले तो ड्रम पाह्यला का तेच दिसे. तुह्या अभ्यासाचं मले काय समजते, बाई? पण पंगतीत बसवलं अन् वाढलं नाई, हे माह्या हातून होत नाई."

सहदेव दारात येऊन उभा होता. तीस वर्षांच्या संसारात त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं. तो आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. बायकोच्या हातावर त्याने ते हळूहळू ओतलं आणि तिचा हात स्वतः धुऊन दिला. दीपमाला विटेवर बसून रडत होती, आणि राग कुठे संपला नि रडू कुठे सुरू झालं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तुह्या सरले फोन लाव," थोड्या वेळाने तानाबाई म्हणाली.

"राहू दे, आई. मी सांगतो त्याईले."

"तू सांगशीन तं त्याईले वाटन, मायवर ढकलून राह्यली. मीच सांगतो."

सर सभ्य माणूस होते, पण कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तानाबाईने स्पीकरवर लावलेला फोन तोंडासमोर आडवा धरला होता आणि ती अंगणाच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होती. "सर, पोरीनं लबाडी नाई केली. मी केलं. तिले मालूमही नोतं."

"ताई, तारीख आठवते का तुम्हाला? नेमकी?"

"हाव, आठवते ना! शाळेच्या वहीत लिहेल हाये. बावन पोराईचं शिजवलं अन् एकाहत्तर जेवले, तो दिवस. मुख्याध्यापकाची सही हाये त्याच्यावर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "त्या पानाचा फोटो पाठवा. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारच्या मधली तारीख निघाली, तर तिच्या बाटल्या खऱ्या आहेत हे त्यावरूनच दिसेल. आणि दीपमाला, हे असंच्या असं प्रबंधात लिही. झालेली चूक लपवली तर खोटेपणा, लिहून ठेवली तर ती माहिती. पण मला आठ आठवडे नव्याने हवेत. सहावा ड्रम कोरा."

"कोराच राह्यीन, सर," तानाबाई म्हणाली. "माह्यावर सोडा."

सोमवारी वहीचं पान निघालं. अकरा सप्टेंबर, गुरुवार. हजर बावन्न, जेवले एकाहत्तर. शेऱ्याच्या रकान्यात मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'वस्तीवरील १९ विद्यार्थी अधिक. सर्वांना आहार दिला.' दीपमालाने त्या 'सर्वांना'वर बराच वेळ बोट ठेवलं आणि मग फोटो काढला.

ड्रम रिकामे करून धुतले, पुन्हा भरले. जुना कोळसा तिने गोणीत बांधून विद्यापीठात नेला, कारण त्याने पकडलेलं औषध पुन्हा कुठे मातीत जायला नको होतं. पाच ड्रमांत पाच तऱ्हेचा ताजा कोळसा गेला, सहाव्यात नुसती रेती. पऱ्हाटीच्या कोळशाची उरलेली गोणी दीपमाला बरोबर घेऊन निघाली, तशी तानाबाईने अडवलं.

"ठेव इथीच."

"आई..."

"ठेव म्हणतो ना. गोणी दूर नेली म्हून कोरा राह्यला, त्याच्यात माहं काय?"

ते आठ आठवडे कोणी तानाबाईला विचारले असते, तर बाळंतपण परवडलं असं तिने सांगितलं असतं. रोज सकाळी थंडीत विहिरीचं पाणी शेंदायचं, बारा बादल्या ओतायच्या, आणि सहाव्यापाशी आलं की काहीतरी पुटपुटायचं. एकदा शेडवर जाताना रंगरावने ते ऐकलं आणि तो कुंपणापाशी थांबला.

"तानाबाई, ड्रमशी बोलून राह्यल्या का?"

"मंग? एकटाच उपाशी बसला हाये तो. त्याले समजावा लागते."

"काऊन उपाशी?"

तानाबाईने बादली खाली ठेवली. "असं पाहा, रंगरावभाऊ. त्यानं काई खाल्लं नाई, म्हून तं बाकीच्याईनं किती खाल्लं ते मोजता येते. साऱ्याईले वाढलं अस्तं, तं कोयशानं पाणी साफ केलं का पाणी पहिलेच साफ होतं, कोण सांगन? तुमच्या शेडातून काय निघून राह्यलं, त्याचा एकच साक्षीदार हाये, तो हाच."

रंगरावने सहाव्या ड्रमकडे पाहिलं. त्याला ते फारसं आवडलं नसावं, कारण पुढचे चार दिवस तो त्या वाटेने गेला नाही. पाचव्या दिवशी मात्र आला, आणि त्याने स्वतःहूनच विचारलं, "निकाल कवा हाये म्हने?"

निकाल जानेवारीच्या शेवटी आला. तुरी कापून झाल्या होत्या, आणि दारोदार तुराट्यांचे भारे उभे होते. या खेपेला सहाव्याच्या आठही बाटल्यांत औषध सापडलं, अगदी पहिल्या तीन रविवारांसारखं. आणि पऱ्हाटीच्या कोळशाने शंभरातले ब्याण्णव भाग धरून ठेवले होते. तुराट्या त्याच्या मागोमाग. टरफलांनी मात्र नाक कापलं, निम्म्यावरच थांबली. सरांनी सही केली. प्रबंधाच्या एका पानावर अकरा सप्टेंबरची हकीकत जशीच्या तशी छापली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'नोंद: श्रीमती तानाबाई सहदेव इंगळे यांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार.' सहदेवने ते पान तीनदा वाचून दाखवलं.

रंगराव कागद पाहायला आला, पाहिला, आणि "पाहू" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी तो नालीच्या तोंडाशी टेप घेऊन कोळसा भरायच्या खड्ड्याची मापं घेताना दिसला. पऱ्हाटी किती लागेल, असं त्याने तिथूनच ओरडून विचारलं. गावातली पऱ्हाटी आजवर चुलीत जायची नाहीतर बांधावर जळायची, त्यामुळे तिची काही वाण नव्हती.

दुपारी दीपमाला परसात आली. ड्रम तसेच ओळीने बसलेले. तिने दारामागची गोणी ओढत आणली, तिचं तोंड सोडलं आणि आईला हाक मारली.

"आई, झालं वं माहं काम. आता वाढ त्याले."

तानाबाई भांडी घासत होती. ती उठली, हात पुसले आणि पिशवीतून आपला डाव काढला. सहाव्यातली वरची रेती तिने घमेल्यात काढली. मग एक डाव. दुसरा. तिसरा. कोणाला घाई नव्हती. दीपमाला बाजूला उभी राहून पाहत होती. आईच्या हाताचा तो झोका ती लहानपणापासून पाहत आली होती, पण आज तिला तो पहिल्यांदा कळला.

चार बोटं थर झाला. तानाबाई थांबली. तिने गोणीत डोकावून पाहिलं, तर तळाशी अजून बराच कोळसा होता. तिने पुन्हा एक डाव भरला, ड्रमच्या तोंडावर धरला, आणि पंगतीत वाढताना वाकतात तशी ती जरा वाकली.

"घे बाबा," ती म्हणाली. "लाजू नको. आणखीन हाये."